निवृत्तीनंतरचा दिवस बसवावा कसा : कोल्हापूरकर ज्येष्ठांसाठी टप्प्याटप्प्याने

निरोप समारंभाचा नारळ घरी येऊन तीन आठवडे होतात आणि निवृत्त गृहस्थ स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवू लागतात, असे आमच्या पेठेत मी बरेचदा पाहिले आहे. रिकामपणाला यात दोष नाही. दोष क्रमाचा आहे. काही जण पहिल्याच सोमवारी फिरणे, प्राणायाम, भजनी मंडळ, वाचनालय आणि संगणकाची शिकवणी असे सगळे एकदम सुरू करतात आणि दुसऱ्या महिन्यात सगळे एकदम सोडतात. दुसरे काही जण "सुचेल तेव्हा करू" म्हणून काहीच बसवत नाहीत आणि त्यांना दूरचित्रवाणीच्या रिमोटपलीकडे काही सुचत नाही. बँकेतली चौतीस वर्षे संपल्यावर मी पहिली चूक केली आणि त्यात जवळजवळ वर्ष घालवले. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत, आणि एक टप्पा अंगवळणी पडल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.

पूर्वतयारी : चार कामे, आनंदाच्या आधी

कागद. पेन्शनचा आदेश, पासबुक, आधार, विम्याची कागदपत्रे आणि वारसनोंदींच्या प्रती एकाच फाइलमध्ये लावाव्यात आणि ती फाइल कोठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवावे. ह्यातीच्या दाखल्याचे काम साधारणपणे नोव्हेंबरात असते. ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच उरकावे, कारण अखेरच्या आठवड्यातल्या रांगेत उभे राहून आलेला शिणवटा पुढचे चार दिवस खातो. डिजिटल दाखला काढताना बोटांचे ठसे उमटत नसतील, आणि वयाने ते पुष्कळांचे झिजलेले असतात, तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय मोबाइलवर आहे. मुलगा, सून किंवा नातवाकडून ती एकदा समजून घ्यावी.

डोळे, दात, कान, पाय. रक्तदाब आणि साखर सगळेच तपासतात. पण रोजची छोटी सुखे अडतात ती या चार ठिकाणी. कवळी सैल असलेल्या माणसाला मिसळीतले फरसाण नकोसे होते, मोतीबिंदू वाढलेल्याला वर्तमानपत्र जड जाते, आणि कमी ऐकू येणारा माणूस कट्ट्यावरच्या विनोदाला सगळ्यांच्या मागून हसतो आणि पुढे कट्ट्यावर यायचेच बंद करतो. मधुमेह असलेल्यांनी तळपायांची संवेदना शाबूत आहे की नाही, हे डॉक्टरांकडून जरूर पाहून घ्यावे.

घरातले बोलणे. हे काम सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. नवरा निवृत्त झाला म्हणून गृहिणी निवृत्त होत नाही. उलट पूर्वी सकाळी साडेनऊनंतर तिचे असलेले घर आता दिवसभर दुसऱ्याचेही होते. तिच्या दुपारच्या झोपेची वेळ, तिच्या मैत्रिणी येण्याचा वार, तिची मालिका आणि तिचा स्वयंपाकाचा क्रम आधी विचारून घ्यावा आणि आपला दिवस त्याभोवती आखावा. सकाळच्या दुसऱ्या चहापासून पुढचा प्रत्येक चहा स्वतः करावा आणि कप स्वतः विसळावा. पत्नीही नोकरीतून निवृत्त झाली असेल तर दोघांचा निदान एक वेळ रोज वेगवेगळा जाईल, अशी व्यवस्था करावी.

खिशातले पैसे. महिन्याच्या खर्चातून एक लहान रक्कम, परवडेल तेवढीच, रोख काढून वेगळ्या पाकिटात ठेवावी. चहा, बसचे तिकीट, मोगऱ्याचे रोप, नातवाची भेळ यांसाठी ती असावी आणि तिचा हिशेब कोणी मागू नये. पत्नीचेही असे पाकीट वेगळे असावे. बँकेत आयुष्य घालवलेला माणूस हिशेब नको म्हणतो, याचे घरच्यांना अजून नवल वाटते. पण प्रत्येक चहामागे खिशातून वही निघू लागली की चहाची चव जाते.

*तपासणी :* फाइल लागली, तपासण्या झाल्या, घरात बोलणे झाले आणि पाकीट वेगळे निघाले, या चारांपैकी एकही बाकी असेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा १ : पहिले पंधरा दिवस फक्त नोंद

या पंधरवड्यात नवीन काहीही सुरू करू नये. एक साधी वही घ्यावी आणि रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहाव्यात: आज कोणत्या वेळी बरे वाटले, कोणत्या वेळी घड्याळाकडे सारखे पाहिले, आणि कोणाशी बोललो. बहुतेकांच्या वहीत दुपारी चार ते सहा हा काळ सर्वांत जड निघतो. ऑफिस सुटण्याची वेळ शरीराला ठाऊक असते आणि सुटायला आता काही नसते. काहींची सकाळ जड जाते. जड वेळ कोणती हे कळल्याशिवाय औषध कोठे लावायचे हे कळत नाही.

*नेहमीची चूक :* या दिवसांत जुन्या कार्यालयात "सहज" चक्कर मारणे. पहिल्या खेपेस चहा मिळतो, दुसऱ्या खेपेस खुर्ची मिळते, तिसऱ्या खेपेस सगळे कामात असतात.

टप्पा २ : सकाळची फेरी

दिवसाचा पहिला खुंटा सकाळच्या फिरण्याचा मारावा, कारण बाकी सगळे त्याला बांधता येते. जागा घराजवळची निवडावी. शिवाजी पेठ, साने गुरुजी वसाहत, फुलेवाडी या बाजूच्यांना रंकाळा आहे, तर राजारामपुरी आणि सागरमाळच्या लोकांना शिवाजी विद्यापीठाचा परिसर. फिरायला जाण्यासाठी दुचाकी काढावी लागत असेल तर ती जागा चुकली असे समजावे, कारण पावसाच्या पहिल्या आठवड्यात ते फिरणे सुटते.

क्रम असा ठेवावा. पहिला आठवडा घरातून निघून पंधरा मिनिटांत परत यावे, मग दम लागो वा न लागो. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटे वाढवावीत आणि पुढे दर आठवड्याला तेवढीच. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे. रंकाळ्याची पूर्ण प्रदक्षिणा हा पहिल्या महिन्याचा विषय नाही. पहिल्याच दिवशी ती घालून दुसऱ्या दिवसापासून गुडघे धरून बसलेले निदान तिघे मला माहीत आहेत, आणि त्यांतला एक मी.

निघण्यापूर्वीच्या गोष्टी थोड्याच, पण नेमक्या आहेत. बूट मागून टाचेला धरणारे असावेत. कोल्हापुरी चप्पल लग्नकार्याला शोभते, फिरायला तिचा उपयोग नाही. खिशात एक चिठ्ठी असावी, त्यावर नाव, घरातल्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक, चालू औषधे आणि आजार लिहिलेले असावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी किती चालावे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि खिशात साखरेची पुडी किंवा दोन-तीन गोड गोळ्या बाळगाव्यात. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती फिरण्याच्या आधी घ्यावी की नंतर, हेही त्याच भेटीत विचारावे. अर्ध्या वाटेवरून घाईने परतावे लागले की माणूस कारण कोणाला सांगत नाही, नुसते फिरणे सोडतो.

डिसेंबर-जानेवारीत तलावावर धुके असते. त्या दिवसांत पहाटे पाचला निघण्याचा जुना अभिमान बाजूला ठेवून सूर्य वर आल्यावरच बाहेर पडावे, कान झाकावेत, आणि पहिली पाच मिनिटे सावकाश चालावे. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा रंकाळ्यावर असो की पंचगंगेवर, पायऱ्या उतरूच नयेत. एका हातात छत्री असेल तर दुसरा हात मोकळा ठेवावा. दुधाची पिशवी परतीच्या वाटेवर घ्यावी.

*इशारा :* छातीत दडपल्यासारखे होणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे, थंड घाम सुटणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर "गॅस असेल" म्हणून चालत घरी येऊ नये. आहे तेथेच बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

*तपासणी :* सहा आठवड्यांत आठवड्याचे निदान पाच दिवस फिरणे झाले का? झाले नसेल तर वेळ बदलावी, जागा बदलावी, पण टप्पा ३ सुरू करू नये.

टप्पा ३ : कट्टा, आणि तेथे बसण्याची रीत

फिरणे संपते तेथे एखादा कट्टा असतोच. कोल्हापुरात तालमीच्या पायरीपासून चहाच्या गाड्याशेजारच्या बाकापर्यंत कोठेही तो तयार होतो. पण पहिल्या दिवशी थेट मध्ये जाऊन बसणे आणि आपण कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झालो ते सांगणे ही दोन्ही कामे टाळावीत. आठ-दहा दिवस ओळखीच्या माणसाच्या शेजारी कडेला बसावे, ऐकावे, एखाद्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यावेत आणि रोज देऊ नयेत. रोज देणारा माणूस कट्ट्याला आधी आवडतो आणि मग अवघडवतो.

कट्ट्याला वेळेची मर्यादा असावी. माझ्या अनुभवात पाऊण तास पुरतो. त्यानंतर विषय राजकारणावर जातो किंवा गैरहजर माणसावर. आजारांची चर्चा होणारच, पण दुसऱ्याच्या गोळीचे नाव लिहून घेऊन औषधाच्या दुकानात जाणे ही या वयातली धोकादायक सवय आहे. गुंतवणुकीचे सल्लेही याच पायरीवर मिळतात. निवृत्तीची रक्कम हाती आलेला माणूस सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, त्यामुळे "जादा व्याज" हे शब्द ऐकले की चहा संपवून उठावे.

न्याहारीचा विषय येथेच येतो. आठवड्यातून एक दिवस मिसळ, तीही सकाळी आणि दोघांत एक, असा नियम मी पाळतो. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागावा, आधी थोडा घालावा, वरचा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला सारावा आणि पाव किंवा ब्रेडचे स्लाइस कटात बुडवत बसण्याऐवजी मटकी शेवटपर्यंत खावी. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी सोबत दही घ्यावे. संध्याकाळी मिसळ खाऊन रात्रभर उशी उंच करून झोपण्यात काही पुरुषार्थ नाही.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची आवड येथल्या जुन्या लोकांत आहे. लहानपणी तालमीत तेच पिऊन वाढलेल्यांना सांगणे कठीण असले तरी सांगतो: न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे दीर्घकाळ टिकणाऱ्या तापाचे आजार होऊ शकतात आणि उतारवयात ते जड जातात. कट्ट्यावर जावे, धार पाहावी, गप्पा माराव्यात, पण दूध घरी आणून उकळूनच प्यावे.

टप्पा ४ : बाजार

बाजारहाट हे काम म्हणून केले तर ओझे होते आणि उगाच केले तर घरात भांडण होते. म्हणून हा टप्पा स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या संमतीनेच सुरू करावा. प्रथम दोन आठवडे तिच्याबरोबर जावे, पिशवी धरावी आणि बोलू नये. ती वांगी कशी निवडते (देठ हिरवा, फळ तुकतुकीत आणि आकाराच्या मानाने हलके), भेंडीचे टोक मोडून का पाहते, मेथीची पेंडी उलटी करून आतून का बघते, हे पाहून घ्यावे. तिसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठी घेऊन एकट्याने जावे आणि चिठ्ठीत असेल तेवढेच आणावे.

जागा जवळची असावी. कपिलतीर्थ मंडई, लक्ष्मीपुरीचा बाजार किंवा आपल्या भागातला आठवडी बाजार, जेथे चालत जाऊन रिक्षाने परत येता येईल असा. दोन हातांत दोन सारख्या वजनाच्या पिशव्या घ्याव्यात. एका खांद्यावर पाच किलो कांदे आणणे हा पाठीवर अन्याय आहे. माळवे, म्हणजे भाजीपाला, ऋतूप्रमाणे ओळखायला शिकले की बाजाराची खरी गोडी लागते. थंडीतला चाकवत आणि ओला हरभरा, पावसाळी रानभाज्या, उन्हाळ्यातली कैरी, आणि या सगळ्यांची पहिली पेंडी कोणाच्या पाटीत दिसते हे पाहणे यात एक निराळी मजा आहे. एकाच मावशींकडून सतत काही आठवडे घेतले की त्या आपणहून "आज घेऊ नका, काल आलेली आहे" असे सांगू लागतात. तो दिवस आला की हा टप्पा बसला असे मानावे. दर पाडून घेण्याचा हट्ट मात्र सोडावा. दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे आणि संध्याकाळी कट्ट्यावर शेतकऱ्याच्या दैनेवर बोलणारे ज्येष्ठ मी एकाच शरीरात पाहिले आहेत.

*नेहमीची चूक :* स्वस्त मिळाले म्हणून तीन किलो टोमॅटो किंवा पाच पेंड्या शेपू आणणे. आणणाऱ्याचा उत्साह दहा मिनिटांचा असतो, आणि निवडण्याचे काम दुसऱ्याचे. जास्त आणले तर निवडणे, धुणे आणि वाटणे आणणाऱ्यानेच करावे, असा नियम घरात आधीच ठरवून टाकावा.

टप्पा ५ : दुपार आणि चार ते सहा

जेवणानंतरची झोप वीस ते तीस मिनिटांचीच घ्यावी, गजर लावून घ्यावी. दोन तास झोपणारा माणूस रात्री दोनला जागा असतो आणि मग झोपेची गोळी मागतो. पुष्कळांची निद्रानाशाची तक्रार खरे तर दुपारची असते.

चार ते सहा या जड वेळेसाठी हातांचे किंवा डोळ्यांचे एक काम ठरवावे, दोन नव्हेत. वाचणाऱ्यांसाठी करवीर नगर वाचन मंदिर आहे, जे १८५० पासून चालत आले आहे. आपल्या भागातही छोटी वाचनालये आहेत. सभासद होताना वर्षाची वर्गणी एकदम भरण्याआधी आठवडाभर तेथे जाऊन बसावे आणि उजेड, पंखा, खुर्चीची उंची आणि स्वच्छतागृह पाहून घ्यावे. वाचनाचा चष्मा वेगळा करून घ्यावा. दुहेरी काचेच्या खालच्या पट्टीतून तासभर वाचले की मान धरते. पुस्तक निवडताना "राहून गेलेले थोर ग्रंथ" प्रथम काढू नयेत. जे तिसाव्या वर्षी वाचून झाले नाही ते साठाव्या वर्षीही तिसऱ्या प्रकरणाला झोपवते. एकदा आवडलेले पुस्तक पुन्हा वाचण्यापासून सुरुवात केली की वाचनाची बैठक परत येते.

ज्यांना मातीची हौस आहे त्यांनी एका कुंडीपासून सुरुवात करावी आणि ती मेथीची असावी, कारण मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि धीर सुटत नाही. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस तरी लागतात, आणि पाचव्या दिवशी माती उकरून पाहणारे पुष्कळ असतात. गच्चीवर ओल्या मातीची मोठी कुंडी उचलू नये. ती जेथे ठेवायची तेथेच भरावी.

*इशारा :* नातवंडे सांभाळणे हा आनंद आहे, पण त्याची वेळ मुला-सुनेशी स्पष्ट बोलून ठरवावी. न ठरवता सुरू झालेली ही जबाबदारी वरचे सर्व टप्पे गिळते, आणि मग कुरकुर होते ती नातवाच्या कानावर.

टप्पा ६ : आठवड्यातून एक बाहेरची गोष्ट

तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर आठवड्यातला एक वार गावासाठी ठेवावा. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. रोमन जगातली ही वस्तू पंचगंगेकाठी पोचली, ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातून. ती न पाहता सत्तर वर्षे येथे राहिलेले लोक आहेत. जाण्यापूर्वी सुट्टीचा वार विचारून घ्यावा. पावसाळा सरल्यावर शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉलचा हंगाम सुरू होतो. तेथे जाताना टोपी, पाण्याची बाटली आणि समर्थकांच्या घोळक्यापासून दूरची, लवकर बाहेर पडता येईल अशी जागा धरावी. सामना संपायच्या पाच मिनिटे आधी उठणे जिवावर येते, पण गर्दीत ढकलले जाण्यापेक्षा ते बरे.

गावाबाहेर जायचे तर एसटीची सवलत वापरावी. महाराष्ट्रात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना वयाची अट न ठेवता निम्मे भाडे आहे. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावे, म्हणजे वाहकापुढे पिशवी उपसावी लागत नाही. ही सवलत एसटीची आहे. केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, तिकिटाचे पैसे वेगळे धरावेत. पहिली सहल पन्हाळ्याची करावी, अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे. दुसरी नृसिंहवाडीची, येताना कवठाची बर्फी घेऊन. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर तिसऱ्या खेपेस घ्यावे. तेथल्या स्वर्गमंडपाला ४८ खांब असून वर छताला गोल मोकळीक आहे, आणि मान वर करून ती पाहताना चक्कर येऊ नये म्हणून खांबाला टेकून उभे राहावे.

*नेहमीची चूक :* एका दिवसात तीन ठिकाणे. एका दिवशी एकच ठिकाण, आणि परतीची बस चारच्या आतली.

टप्पा ७ : वर्षाचे चार प्रसंग

दिवस आणि आठवडा बसला की ऋतू पाहावेत. यात घाई नाही. पहिल्या वर्षी दोन साधले तरी पुष्कळ झाले.

पावसाळा. पाणी बघायला जाणे हा आपल्या गावाचा जुना छंद आहे. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी सकाळी वर्तमानपत्रात पाहावी: ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची. ३९ च्या आत आहे तोवर, उघडीप असताना आणि दिवसाउजेडी, पुलाच्या लांबच्या टोकाशी उभे राहून पाहावे. त्यापुढे गेल्यास घरातून पाहावे. २०१९ आणि २०२१ मध्ये जी घरे पाण्यात गेली त्यांतल्या माणसांना हा छंद कसा वाटतो याचेही भान असावे. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी जूनमध्येच औषधांचा महिन्याचा साठा आणि कागदांची फाइल एका जलरोधक पिशवीत घालून ठेवावी.

किरणोत्सव. अंबाबाईच्या मंदिरात मावळतीचे किरण ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा धूळ असली की ते अलीकडेच विरतात, त्यामुळे तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता जो दिवस निरभ्र आहे तो साधावा. दीड-दोन तास उभे राहता येईल का, याचा अंदाज घ्यावा. येत नसेल तर गर्दीत न शिरता प्रक्षेपण पाहावे आणि दर्शन दुसऱ्या दिवशी दुपारी घ्यावे.

गुऱ्हाळ. दिवाळीनंतर करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत गुऱ्हाळे पेटतात. ओळखीच्या शेतकऱ्याला आदल्या दिवशी विचारून, आधण, म्हणजे शिजलेल्या रसाचा घाणा, उतरण्याच्या वेळेस पोचावे. काहिलीपासून, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईपासून, चार पावले लांब उभे राहावे. उकळत्या रसाचा शिंतोडा साध्या पाण्यापेक्षा फार खोल भाजतो आणि चुलवाणाच्या बाजूची जमीन निसरडी असते. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) कामात असताना त्याला प्रश्न विचारू नयेत, तो उतरायचा क्षण हाताने आणि डोळ्यांनी ओळखत असतो. काकवी घरी न्यायची तर बाटली काचेची आणि पूर्ण कोरडी असावी, आणि काकवी गार झाल्यावरच झाकण लावावे. मधुमेह असणाऱ्यांनी भाकरीवर चमचाभर घ्यावी, आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा करावा.

चटणी. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. निवृत्त माणसाने तेथे मिरचीचे देठ खुडण्याचे काम मागून घ्यावे. हातांना आधी तेल लावावे, नाक-तोंड रुमालाने बांधावे, आणि दम्याचा त्रास असेल तर मिरची कांडायला डंकावर जाण्याचे काम दुसऱ्याला द्यावे. मिरच्या हाताळून झाल्यावर साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावू नये. हे मला सांगितले होते. तरीही मी लावला.

टप्पा ८ : घडी मोडल्यावर

मुलाकडे पुण्याला दोन महिने राहून आल्यावर, आजारपणानंतर किंवा घरातल्या मृत्यूनंतर बसवलेला दिवस मोडतो. येथे सर्वांत मोठी चूक होते ती सोडले होते तेथूनच पुन्हा सुरू करण्याची. चाळीस मिनिटे फिरणाऱ्याने परत आल्यावर पहिल्या दिवशी मुळीच फिरू नये. फक्त कट्ट्यावर जाऊन चहा घ्यावा आणि घरी यावे. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे चालावे. बाजार पहिल्या आठवड्यात टाळावा, कारण घरातला साठा आणि चिठ्ठी दोन्ही विस्कटलेली असतात. बाहेरगावची सहल महिनाभर नको. जोडीदार गेल्यानंतरच्या घरात यांतले काहीच मनापासून करता येत नाही. तेव्हा सकाळच्या फेरीचे बूट दाराशी ठेवावेत आणि कट्ट्यावरच्या कोणा एकाला सांगून ठेवावे की सातला दार वाजवत जा. तो वाजवतो. पहिले काही दिवस दार उघडून "आज नको" म्हटले तरी चालते, मात्र दार उघडावे.

पेन्शनची फाइल अशा वेळी पुन्हा काढावी लागते, आणि कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कोणते कागद कोठे द्यायचे हे त्या घाईत कोणाला आठवत नाही. म्हणून त्या फाइलच्या पहिल्या पानावर बँकेचे नाव, शाखा, पेन्शन आदेशाचा क्रमांक आणि भेटायच्या अधिकाऱ्याचे पद असे एक पान आजच मोठ्या अक्षरात लिहून लावावे.